बर्फावरच्या पहिल्या वर्गाआधी: बूट, धार आणि पडण्याची तयारी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गफलत होत असेल तर कळेल. तुम्ही पुण्याहून कॅनडात मिसिसागाला राहायला आलात. सात वर्षांच्या मुलीचं नाव जानेवारीच्या कॅनस्केट वर्गात, म्हणजे स्केट कॅनडा या राष्ट्रीय संस्थेच्या नवशिक्यांच्या आइस स्केटिंग वर्गात, घातलं आहे. पुण्यात ती रोलर स्केटिंग करायची, म्हणून बर्फावर तिला सोपं जाईल असं घरात सगळ्यांना वाटतंय. तिला फिगर स्केटिंगच शिकायचंय. शेजारी म्हणतात, आधी हॉकीचे स्केट घ्या. दुकानदार म्हणतो, दोन साइझ मोठे घ्या. आणि शेवटी घाईघाईत तुम्ही विचारलंय की चाळिशीत आपल्यालाही जमेल का.

मी इथे ओंटारिओ प्रांतात नवशिक्यांना शिकवते, लहानांना आणि मोठ्यांनाही. माझ्या पाहण्यात पहिल्याच सत्रात स्केटिंग सोडणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना खेळ आवडलेला नसतो. बहुतेकांचे पाय दुखत असतात. बूट सैल असतो, घोटा आत वळतो, पाय पंधरा मिनिटांत थकतो, आणि मूल सांगतं, 'मला नाही आवडत.' आईवडील समजतात मुलीला भीती वाटते. त्यामुळे 'काय काय विकत घ्यावं' या प्रश्नाचं माझं उत्तर छोटं आहे: मापाचा बूट आणि नीट धार. बाकी जवळजवळ सगळ्यावर तडजोड चालेल.

दुकानदाराचं ऐकू नका. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, वाढत्या पायाचा स्केट चालत नाही. बुटाच्या आत पाय हलला की पातं एकीकडे आणि पाय दुसरीकडे जातो. फिगर स्केटचं पातं जेमतेम ४ मिलिमीटर जाड असतं. त्यावर तोल सांभाळायचा तर टाच बुटात घट्ट बसलेलीच हवी. लहान मुलांत फार तर अर्धा साइझ वाढीला सोडा, त्याहून जास्त नाही.

माप पाहायची माझी पद्धत अशी. बुटाच्या आतली गादी, म्हणजे इनसोल, बाहेर काढा आणि मुलीला पातळ मोजा घालून तिच्यावर उभं करा. बसवून नाही, उभं करून, कारण वजन आलं की पाऊल पसरतं. सर्वात लांब बोटाच्या पुढे अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जागा उरली तर ठीक. मग बूट घाला, टाच मागे ठोकून बसवा, नाडी बांधा आणि गुडघे वाकवायला सांगा. सरळ उभी असताना बोटं पुढे हलकेच टेकावीत, गुडघे वाकवल्यावर ती मागे सरकावीत. या वेळी टाच वर उचलली जात असेल तर तो बूट कितीही सुंदर असला तरी परत ठेवा. स्केटचा आकडा रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड साइझ कमी येतो, पण हा फक्त अंदाज आहे. कंपनीगणिक फरक पडतो, त्यामुळे आकडा पाहून ऑनलाइन मागवू नका. पहिली जोडी दुकानात पाय घालूनच घ्यायची.

मोजे पातळच हवेत. आजीने विणून दिलेले जाड लोकरी मोजे घरात घालू द्या. स्केटमध्ये ते गोळा होतात, घाम धरतात, आणि घामाने ओले झालेले पाय कोरड्या पायांपेक्षा जास्त गारठतात.

आता फिगर की हॉकी. फिगरच्या पात्याला पुढे दाते असतात, टो पिक म्हणतात ते. हॉकीच्या पात्याला दाते नसतात, पातं आखूड आणि दोन्ही टोकांना जास्त वळलेलं असतं. हॉकीचे स्केट सुरुवातीला सोपे वाटतात, कारण दात्यांत अडखळून पुढे पडण्याची भीती नसते. कॅनस्केटमध्ये दोन्ही चालतात. मूलभूत गोष्टी त्याच असतात. पण मुलीचं मन फिगरवर आहे, तर तिला पहिल्या दिवसापासून फिगरचेच द्या. दात्यांची सवय कधीतरी लागायचीच आहे, ती सात वर्षांच्या वयात पटकन लागते. आणि कुणी सल्ला दिला की 'खालचा मोठा दाता घासून टाका, अडखळणार नाही', तर हात जोडा आणि निघा. पुढे उड्या आणि गिरक्या शिकताना त्याच दात्याचं काम पडतं.

नवे की जुने? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि माझं मत दुकानांना आवडणार नाही. मुलीचा पाय वर्षाभरात वाढणार, म्हणून तिला चांगल्या कंपनीचे वापरलेले स्केट घेणं बहुतेक वेळा नव्या स्वस्त स्केटपेक्षा शहाणपणाचं असतं. बरेच क्लब हंगामाच्या सुरुवातीला जुन्या स्केटची विक्री ठेवतात. जुन्या बुटात दोन गोष्टी पाहा: घोट्याच्या जागी खोल सुरकुती पडून चामडं मऊ झालं असेल तर तो बूट आधार देणार नाही, आणि पातं धार लावून लावून दात्यांच्या मागे बारीक झालं असेल तर त्याचं आयुष्य संपत आलंय. वरवरचा गंज धार लावताना जातो. खोल खड्डे पडले असतील तर नको. जॅक्सन, रिडेल आणि इटलीची एडिया ही नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. तिन्ही कंपन्या चांगल्या आहेत. पाय कुणाच्या बुटात नीट बसतो एवढंच पाहा. रुंद पावलांचे आणि अरुंद पावलांचे बूट वेगळे असतात. मोठ्या सुपरस्टोअरमधले प्लास्टिकचे, बकलने बंद होणारे स्केट मात्र घेऊ नका. त्यात घोटा पुढे वाकतच नाही, आणि घोटा वाकला नाही तर गुडघा वाकत नाही. उलट टोक म्हणजे उड्या मारणाऱ्या मुलींसाठीचे कडक बूट. 'चांगले घेऊ, टिकतील' म्हणून पालक तेही घेतात. वीस-पंचवीस किलोचं मूल असा बूट वाकवूच शकत नाही.

भाड्याचे स्केट एक-दोन सार्वजनिक सत्रांना ठीक आहेत. वर्गासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. सगळ्या अरेनांत, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानांत, भाड्याने मिळतही नाहीत, आणि मिळाले तरी पात्याची धार आणि बुटाचा आधार दर वेळी वेगळा असतो.

धारेबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण याची माहिती पालकांना कुणी देत नाही. फिगरच्या पात्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ असते, म्हणून पात्याला दोन कडा मिळतात: आतली आणि बाहेरची. आपण बर्फावर सरकतो ते बहुतेक वेळ या दोन कडांपैकी एकीवर. पन्हळ किती खोल, यावर पकड ठरते. नवशिक्याला साधारण ७/१६ ते अर्धा इंच त्रिज्येची पन्हळ बरी पडते. नवीन स्केट दुकानातून आणले की पात्याला वापरण्याजोगी धार असतेच असं नाही. पुष्कळ मुलं पहिल्या वर्गाला कोऱ्या पात्यावर येतात, पाय सगळीकडे पसरतात, आणि घरचे म्हणतात हिचा तोलच नाही. म्हणून पहिल्या वर्गाआधी धार लावून घ्या. मात्र ज्याला फिगरच्या पात्यांना धार लावता येते त्याच्याकडेच जा. नुसतं हॉकीचं काम करणारा माणूस पातं शेवटपर्यंत ओढतो आणि खालचा दाता झिजवून टाकतो. क्लबमधल्या मोठ्या मुलींच्या आयांना विचारा, त्या कुणाकडे जातात ते. त्यांच्याइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळत नाही. त्यानंतर बर्फावरचे वीसेक तास झाले की पुन्हा धार.

पात्यावर प्लास्टिकची कडक कव्हरं फक्त चालताना घालायची. बर्फावरून आल्यावर पातं आणि बुटाचा तळ जुन्या टॉवेलने कोरडा पुसा आणि मग कापडी कव्हर घाला. कडक कव्हरात ओलं पातं रात्रभर राहिलं की सकाळी गंज दिसतो. स्केट गाडीच्या डिकीत किंवा गॅरेजमध्ये ठेवू नका. जानेवारीच्या थंडीत चामडं आखडतं आणि पाय आत जाता जात नाही.

नाडी बांधणं घरी शिका, दोघी. बोटांपाशी सैलसर, पावलाच्या चढावर आणि घोट्याच्या वळणावर घट्ट, आणि वरच्या हुकांवर पुन्हा जरा सैल. मागच्या बाजूला बुटाच्या तोंडात दोन बोटं जावीत. पालक सहसा उलट करतात: सगळीकडे सारखं आवळतात, शेवटच्या हुकापर्यंत. मग पावलात मुंग्या येतात. कव्हरं घालून रोज दहा मिनिटं घरात कार्पेटवर चालायला लावा. बूटही सैलावतो आणि तिची भीतीही.

आता रोलर स्केटिंगचं. त्याचा फायदा होतो, यात वाद नाही. वेगाला आणि एका पायावर सरकायला ती घाबरणार नाही. पण पुण्या-मुंबईत मुलं प्रामुख्याने शर्यतीचं रोलर स्केटिंग शिकतात, आणि त्या सवयी सोबत येतात. कमरेत वाकणं ही पहिली. इथे कमर सरळ आणि गुडघे-घोटे वाकलेले हवेत. कमरेत वाकलं की वजन पुढे जातं आणि दाते बर्फात रुततात. दुसरी सवय थांबण्याची. चार चाकी स्केटला ब्रेक पुढे असतो, एका रांगेतल्या चाकांना मागे. बर्फावर यातलं काहीच नाही. पुढचा ब्रेक घासून थांबायची सवय असलेली मुलगी नेमके दाते टेकवते आणि तोंडावर येते. इथे आधी शिकवतात ते स्नोप्लाऊ: अंगठे आत, टाचा बाहेर, आणि पातं आडवं घासून बर्फाचा चुरा पुढे ढकलायचा. तिसरं म्हणजे ढकलणं. जोर पात्याच्या आतल्या कडेने बाजूला द्यायचा असतो, दात्याने मागे नाही. हे तिला आधीच सांगून ठेवा: 'तुला येतं, पण इथे ब्रेक नाही आणि पुढचे दाते ढकलायला नाहीत.' नाहीतर पहिल्या दिवशी 'मला तर येतं' म्हणत ती सुसाट निघेल आणि पुढचा अर्धा तास रडण्यात जाईल. मी हे दर हिवाळ्यात पाहते.

हेल्मेट. स्केट कॅनडाच्या नियमाप्रमाणे कॅनस्केटच्या पाचव्या टप्प्यापर्यंत सीएसए (कॅनडाची सुरक्षा-मानकं ठरवणारी संस्था) मान्यतेचं हॉकीचं हेल्मेट सक्तीचं आहे. सायकलचं चालत नाही. ते एका मोठ्या आघातासाठी बनवलेलं असतं, आणि बर्फावर मूल मागे डोक्यावर पडतं, तेही पुन्हा पुन्हा. हेल्मेट भुवयांच्या एक बोट वर बसावं, हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जावं. हेल्मेट नवंच घ्या, जुनं नको. त्याने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून दिसत नाही. उंच पोनीटेल किंवा मोठ्या क्लिपा हेल्मेटखाली बसत नाहीत. खाली दोन वेण्या घाला. आत फार तर पातळ कानटोपी, जाड लोकरी टोपी नको.

कपड्यांवर वेळ घालवू नका. तिने पाहिलेला चमचमता फ्रॉक पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला घ्या. आता लेगिंग किंवा लवचिक ट्रॅकपँट, वर दोन-तीन पातळ थर. जीन्स नको: ओली होते, ताठ होते, गुडघा वाकू देत नाही. जाडजूड स्नोसूटमध्ये मुलं उठूच शकत नाहीत. लांब मफलर, लोंबणारी दोरी, कानातले डूल घरी. हातमोज्यांच्या मात्र दोन जोड्या द्या, कारण पहिली जोडी वीस मिनिटांत भिजलेली असते.

थोडक्यात, पैशाचा क्रम असा: बूट, धार, हेल्मेट, हातमोजे. त्यानंतर काही उरलंच तर तिला हॉट चॉकलेट पाजा.

आता अंगाची तयारी. तुमच्याकडे महिनाभर आहे, तेवढा पुरेसा आहे. तिला लंगडी खेळायला लावा, दोन्ही पायांवर आलटून पालटून, आणि उडी मारून पाय टेकताना आवाज होऊ न देता. गुडघा वाकवल्याशिवाय आवाज कमी होत नाही, म्हणून हा नियम. दात घासताना एका पायावर उभं राहणं, उकिडवं बसून हात न टेकता उठणं. टाचा टेकवून उकिडवं बसता येणाऱ्या मुलांचे घोटे चांगले वाकतात. आपल्याकडच्या मुलांना हे अजून जमतं, त्याचा फायदा घ्या.

आणि पडायला शिकवा. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं होतं असं काही पालक म्हणतील. जमिनीवर गोधडी पसरा. गुडघे वाकवून खाली बसत बसत एका कुल्ल्यावर आणि मांडीवर बाजूला पडायचं, हात पुढे किंवा मागे ताठ टाकायचे नाहीत. ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट मोडतं. हनुवटी छातीकडे, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पडल्यावर मुठी वळायच्या, बोटं बर्फावर पसरून ठेवायची नाहीत, मागून येणाऱ्याचं पातं असतं. मग उठणं: गुडघ्यांवर आणि हातांवर यायचं, एक पाऊल दोन हातांच्या मध्ये ठेवायचं, दोन्ही हात त्या गुडघ्यावर आणि वर. स्केट आणि कव्हरं घालून कार्पेटवर हे पाच-सहा वेळा झालं की पहिल्या वर्गात ती कुणी उचलायची वाट पाहत बसणार नाही. तिला 'पडणार नाहीस' असं वचन देऊ नका. पडणार आहे. 'पडलीस की असं उठ' एवढंच सांगा.

पहिल्या दिवशी अर्धा तास आधी पोचा. खाणं दीड तास आधी, हलकं. स्केट चढवायच्या आधी तिला बाथरूमला नेऊन आणा. हेल्मेट, तीन थर आणि बांधलेले स्केट उतरवून पुन्हा घालेपर्यंत निम्मा वर्ग संपतो.

वर्ग कसा असतो ते तिला सांगून ठेवा. मुलांचे गट असतात, संगीत चालू असतं, शंकू आणि खुणा मांडलेल्या असतात आणि मुलं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फिरत राहतात. प्रशिक्षकांच्या जोडीला मोठी मुलं-मुली मदतनीस असतात. तिला तिच्या गटाच्या मदतनीसाचं तोंड ओळखायला सांगा. एकूण सहा टप्पे आहेत, प्रत्येकात समतोल, नियंत्रण आणि चपळाई असे तीन भाग. भाग पुरा झाला की रिबन, टप्पा पुरा झाला की बॅज. रोलरचा सराव असल्यामुळे पहिला टप्पा ती भराभर पार करेल असं वाटतं, पण शेजारच्या मुलीला रिबन आधी मिळाली तर तो विषय घरी काढू नका.

तुमच्यासाठी एक सूचना: कठड्याबाहेरून 'सांभाळ गं, गुडघे वाकव' असं ओरडायचं नाही. काचेतून तिला ऐकू येत नाही, ती फक्त तुमच्याकडे वळून पाहते आणि त्याच क्षणी पडते.

राहिला तुमचा प्रश्न. चाळिशीत जमतं, नक्की. मुलं धीट असतात, मोठ्यांना सांगितलेलं समजतं. दोन्हींचा वेग शेवटी फारसा वेगळा पडत नाही. फरक हाडांचा आहे. तुम्ही उंचावरून आणि जास्त वजनाने पडता. म्हणून हेल्मेट तुम्हालाही, त्याबरोबर मनगटाचे आणि गुडघ्यांचे पॅड, आणि लाज वाटली तरी ट्रॅकपँटखाली पॅडेड शॉर्ट. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. चष्म्याला मागे पट्टा लावा.

बुटांच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे. तुमचा पाय आता वाढणार नाही. म्हणून घरात एकच नवी जोडी घ्यायची असेल तर ती तुमची घ्या. मोठ्या माणसाच्या वजनाखाली मऊ, हौशी बूट लवकर दुमडतात. मुलीच्यापेक्षा जरा जास्त आधाराचा, पण घोटा वाकू देणारा बूट मागा.

वर्ग सुरू होण्याआधी दोघींनी एकदा सार्वजनिक स्केटिंगला जाऊन या. सेलिब्रेशन स्क्वेअरची उघडी रिंक तुमच्या गावातच आहे. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, आठवड्यातल्या दिवशी जा. एकमेकींचा हात धरू नका. एक पडली की दुसरीलाही घेऊन पडते. दोघींनी आपापला कठडा धरा. मोठ्यांच्या वर्गासाठी क्लबला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा: अगदी नवशिक्यांसाठी वेगळा गट आहे का, त्याच वेळी त्याच बर्फावर उड्यांचा सराव करणारी मुलं असतात का, आणि सत्राच्या मध्यात प्रवेश मिळतो का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर वेगळा क्लब पाहा.